वधूवर सूचक मंडळांना खुलं पत्र: मुलाच्या फॉर्मवरही घरकामाचा रकाना हवा

सर्व वधूवर सूचक मंडळांचे आणि विवाह संस्थांचे चालक, आणि तिथे काउंटरवर बसणाऱ्या ताई-दादा यांना,

सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा येत्या डिसेंबरात तीस वर्षांचा होईल. त्याचं नाव नोंदवायला मी मागच्या महिन्यात एका मंडळात गेले होते. मंडळाचं नाव लिहीत नाही कारण मला एका मंडळाची तक्रार करायची नाहीये, त्यानंतर मी अजून तीन ठिकाणचे फॉर्म मागवून पाहिले आणि सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच होतं, म्हणून हे सगळ्यांनाच लिहितेय.

काउंटरवर दोन गठ्ठे होते, मुलांचे फॉर्म पिवळे आणि मुलींचे गुलाबी. माझ्या शेजारी एक बाई मुलीचा फॉर्म भरत होत्या, सहज नजर गेली. जन्मवेळ, रास, नक्षत्र, चरण, नाडी, गण, मंगळ, देवक, उंची, रक्तगट, चष्मा, शिक्षण, इथपर्यंत दोन्ही फॉर्म सारखे. मग मुलीच्या फॉर्मवर दोन प्रश्न जास्तीचे होते, ‘स्वयंपाक व गृहकृत्यांची आवड’ आणि ‘लग्नानंतर नोकरी करण्याची इच्छा आहे का’. मुलाच्या फॉर्मवर हे दोन्ही नाहीत. तिथे वार्षिक उत्पन्न आणि स्वतःचं घर आहे का, असल्यास किती बीएचके, एवढंच.

मी काउंटरवरच्या ताईंना विचारलं की मुलाच्या फॉर्मवर गृहकृत्यांचा रकाना का नाही, तर त्या म्हणाल्या “मुलांना कोण विचारतं हे काकू”. ठीक आहे, मी म्हटलं, आणि ‘इतर माहिती’ म्हणून खाली दोन ओळी जागा होती तिथे लिहिलं की मुलाला रोजचा स्वयंपाक येतो, भांडी-कपडे-केर सगळं करतो, लग्नानंतर घरकाम निम्मं वाटून घ्यायची तयारी आहे. ताईंनी वाचलं आणि आवाज खाली करून म्हणाल्या, काकू हे खोडा, लोकांना वाटेल मुलात काहीतरी उणं आहे म्हणून आई असं लिहितेय, चांगली स्थळं यायची नाहीत.

त्या वाईट हेतूने बोलल्या नाहीत हे मला कळलं. रोज शंभर आया त्यांच्यासमोर येऊन बसत असणार, त्या अनुभवाने सांगत होत्या. पण मी खोडलं नाही. फॉर्म पर्समध्ये घातला आणि घरी आले आणि त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये.

मी कोण आहे ते आधी सांगते. मी डोंबिवलीची, १९८७ साली बँकेत लागले आणि गेल्या वर्षी रिटायर झाले. १९९१ ला लग्न झालं. माझंही स्थळ अशाच एका मंडळातून आलं होतं, ३६ पैकी २७ गुण जमले म्हणून सासरे खूश होते, आणि त्यांच्या अपेक्षेत लिहिलेलं होतं ‘मुलगी नोकरी करणारी व गृहकृत्यदक्ष’. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही उलट बरं वाटलं की नोकरी सोडायला सांगत नाहीयेत. नोकरीचे आठ तास आणि गृहकृत्यांचे सात तास अशी बेरीज करून कुणी मला दाखवली नव्हती आणि मीही बँकेत दिवसभर बेरजा करत असून ही एक कधी केली नाही.

आमच्याकडे पाणी पहाटे यायचं, पाऊण तास, त्यामुळे साडेचारला उठायचं. पिंप, बादल्या, कळश्या भरून होईपर्यंत कुकर लावायचा, कणीक मळायची, दोन डबे, सासऱ्यांचा नाश्ता, सासूबाईंची पथ्याची भाजी वेगळी, मुलगा झाल्यावर त्याचं सगळं, आणि आठ पाचची लोकल. माझे मिस्टरही मुंबईलाच, फोर्टात नोकरीला. ते सहाला उठायचे, पेपर वाचायचे, तयार व्हायचे. संध्याकाळी पुष्कळदा आम्ही एकाच गाडीने यायचो, मी लेडीजमध्ये ते जेन्ट्समध्ये, आणि डोंबिवलीला पुलावर भेटून बरोबर चालत घरी. इथपर्यंत आमचा दिवस अगदी सारखा असायचा, तेवढीच धक्काबुक्की, तेवढेच पाय दुखायचे. दार उघडलं की ते खुर्चीत बसायचे आणि मी पर्स हुकाला अडकवून पदर खोचून सरळ ओट्याशी, चपला काढल्या की हात धुवून आधी त्यांच्या चहाचं आधण. एकोणतीस वर्षं हे असंच चाललं आणि माझे मिस्टर अत्यंत सज्जन माणूस आहेत हे मी इथे मुद्दाम लिहिते, कधी आवाज चढवला नाही, माझ्या पगाराला हात लावला नाही, माझ्या परीक्षांच्या वेळी प्रमोशन घे म्हणून मागे लागायचे. सज्जन माणसाच्या घरात हे होतं म्हणून तर सांगतेय. वाईट माणूस असता तर मला निदान भांडता तरी आलं असतं.

गाडीवरून आठवलं. पहिली लेडीज स्पेशल ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली सुरू झाली, नंतर आमच्याकडेही आल्या. नोकरी करणाऱ्या बाया एवढ्या वाढल्या की रेल्वेला त्यांच्यासाठी अख्खी गाडी सोडावी लागली. आमच्या रोजच्या गाडीत लेडीज डब्यात आम्ही काय करायचो, संध्याकाळी उतरता उतरता ठाण्यापर्यंत मेथी निवडून व्हायची, मटार सोलून व्हायचे, गवार मोडून पिशवीत. मांडीवर पेपर आणि त्यावर भाजी. सीट नाही मिळाली तर बसलेल्या मैत्रिणीकडे अर्धी जुडी द्यायची. त्याच वेळी शेजारच्या जेन्ट्स डब्यात भजन चालायचं, टाळ वाजायचे, कुठे ब्रीफकेसवर पत्त्यांचा डाव. मला त्या भजनाचा राग नाही, ऐकायला छान वाटायचं. पण एकाच गाडीत, एकाच तिकिटावर, त्या एका तासाचं त्यांचं काय व्हायचं आणि आमचं काय व्हायचं हे बघा. मी त्या डब्यात बारा वर्षं पुस्तक बरोबर नेलंय आणि उघडलंय फार थोड्या वेळा.

आता तुम्ही म्हणाल हे जुनं झालं, आता मुलं बदलली. मलाही तसंच वाटायचं म्हणून मी आकडे शोधले. केंद्र सरकारचं सांख्यिकी कार्यालय लोक दिवसाचे २४ तास कशात घालवतात याची पाहणी करतं, टाइम यूज सर्व्हे म्हणतात. २०१९ च्या पाहणीत घरातल्या बिनपगारी कामाला बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटं, म्हणजे पाच तास विरुद्ध दीड तास. आणि हे ९७ सुद्धा जे पुरुष काहीतरी काम करतात त्यांचंच, अशा कामाला हात लावणारे पुरुषच मुळात शंभरातले २६ होते, बायका ८१. मग २०२४ ला पुन्हा पाहणी झाली. बायकांची २९९ ची २८९ झाली. पुरुषांची ९७ ची किती झाली असतील? ८८. वाढली नाहीत, कमी झाली. मी हे दोनदा वाचलं. मुलांना सांभाळणं, म्हाताऱ्यांचं करणं हे त्यात धरलेलं नाही, ते वेगळं मोजतात, त्यातही २०२४ ला बायका १३७ मिनिटं आणि पुरुष ७५.

हे देशभराचं आहे, त्यात घरीच असणाऱ्या बायकाही आल्या हे मान्य. पण माझ्या बँकेत माझ्यानंतर लागलेल्या मुली, आता पस्तिशीच्या आहेत, त्यांना मी विचारते तर चित्र फार वेगळं नाही. पाणी पहाटे भरावं लागत नाही, मिक्सर आहे, वॉशिंग मशीन आहे, पोळ्यांच्या ताई येतात. पण त्या ताई आज येणार नाहीत हा फोन सुनेलाच येतो, मुलाला येत नाही. सिलेंडर संपत आलाय, मटकी भिजत घालायचीय, पोराच्या शाळेत उद्या पांढरे बूट हवेत, सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या परवापर्यंतच आहेत, विरजण लावायचं राहिलं, हे सगळं एका डोक्यात. आणि पोळ्यांच्या ताईंबद्दलही एक सांगावंसं वाटतं, त्या सहा घरच्या पोळ्या लाटून घरी जातात तेव्हा त्यांच्या ओट्यावर सातव्या घरच्या पोळ्या वाट बघत असतात. आपण घरकाम वाटून घेतलं असं आपल्याला वाटतं तेव्हा बऱ्याचदा एका बाईने ते दुसऱ्या बाईला दिलेलं असतं, तेही कमी पैशात, आणि घरातल्या पुरुषाच्या वाटणीला काहीच आलेलं नसतं.

माझ्या मुलाचं सांगते कारण फॉर्म त्याचा आहे. तो एकुलता एक, मी त्याला काही शिकवलं नाही. आज हे लिहिताना त्रास होतो पण खरं आहे. दहावीला होता तेव्हा स्वतःचं ताटसुद्धा तो उचलायचा नाही आणि मी उचलायचे, मला वाटायचं अभ्यास करतोय पोरगं. इंजिनीअर झाला, पुण्याला नोकरी लागली, तीन मित्रांबरोबर फ्लॅट. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला, डबेवाल्या काकू बंद, हॉटेलं बंद, आणि चौथ्या दिवशी त्याचा फोन आला, आई वरणाला पाणी किती घालायचं. चोवीस वर्षांचा मुलगा, लाखाच्या मशीनवर काम करणारा, आणि त्याला डाळ शिजवता येत नव्हती. मी फोनवर सांगितलं, दोन वाट्या वगैरे, आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात उभी राहून रडले. तो उपाशी होता म्हणून नाही. मी माझ्या हाताने अजून एक तसाच नवरा तयार केला होता जसा माझ्या सासूबाईंनी माझ्यासाठी केला, आणि कुणाच्या तरी मुलीला तो आयुष्यभर सांभाळायला लागणार होता.

जूनमध्ये तो पास काढून घरी आला आणि दोन वर्षं घरूनच काम केलं. पहिल्याच आठवड्यात मी दोघा बापलेकांना बसवून सांगितलं की बँक चालू आहे, मी अत्यावश्यक सेवेत आहे, मला जावं लागतंय, तुम्ही दोघं घरात आहात, संध्याकाळचं जेवण आजपासून तुमचं. मिस्टर म्हणाले तू आधी कधी सांगितलंच नाहीस, सांगितलं असतं तर केलं असतं. मी म्हटलं पहाटे साडेचारला पाणी भरायला मला कुणी सांगितलं होतं? त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि नंतर उठून कांदा चिरायला घेतला, आणि खरं सांगते त्या दिवसापासून घरात पुष्कळ फरक पडला. एका दिवसात नाही पडला. पहिले तीन महिने आमटी पाणीदार, कुकर करपलेला, ओट्यावर पसारा, आणि मला हात आखडता घ्यायला फार जड गेलं, पुन्हा पुन्हा वाटायचं सरक मीच करते पटकन. तेवढं मी शिकले, गप्प बसायला. ते दोघं शिकले बाकीचं. आज विरजण, दूध, भाजी आणणं आणि रात्रीची भांडी मिस्टरांकडे आहे, मला विचारावंही लागत नाही. ६२ व्या वर्षी एक माणूस शिकू शकतो तर २८ व्या वर्षीचा का नाही शिकणार.

म्हणून तुमच्याकडे येतेय. तुम्ही म्हणाल आम्ही फक्त ओळख करून देतो, घरात कोण काय करतं याच्याशी आमचा काय संबंध. पण तुमचा फॉर्म हा आमच्या समाजातला असा एकमेव कागद आहे जो लग्नाआधी दोन्ही घरं शांतपणे बसून वाचतात. त्यात जे विचारलंय ते बोलण्याचा विषय होतो आणि जे विचारलेलं नाही ते विचारायची मुलीची हिंमत होत नाही. कांदेपोह्याच्या कार्यक्रमात मुलीने ‘तुम्ही घरात काय काम करता’ असं विचारलं तर आगाऊ म्हणतात. तोच प्रश्न फॉर्मवर छापलेला असला तर ती नुसती माहिती होते, जसा रक्तगट. आमच्या वेळच्या फॉर्मवर रक्तगट नव्हता हो, डॉक्टर सांगू लागले आणि तुम्ही रकाना घातलात, कुणी तक्रार केली नाही.

पत्रिकेला मी नावं ठेवत नाही, माझी स्वतःची श्रद्धा आहे. पण गुणमेलनात बघा कसं आहे, वर्णाला १, वश्याला २, ताऱ्याला ३, योनीला ४, ग्रहमैत्रीला ५, गणाला ६, भकूटाला ७, नाडीला ८, मिळून ३६. कुणीतरी कधीतरी बसून ठरवलं की संसाराला काय काय लागतं आणि कशाला किती महत्त्व द्यायचं. ज्या काळात हे ठरलं त्या काळात दोघंही सकाळी आठला घराबाहेर पडत नव्हते. आज पडतात. आणि लग्नात सप्तपदीला सातव्या पावलाला सख्य म्हणतात, सखा हो म्हणतात, ते भटजी म्हणतात आणि आपण सगळे अक्षता टाकून जेवायला पळतो. सखा आणि सखी एका गाडीने घरी आले तर दोघांनी मिळून चहा करावा एवढं तर त्यात येत असेल ना.

आणि कोर्टसुद्धा हेच म्हणालंय. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एक घटस्फोटाचं प्रकरण होतं, नवराबायको दोघं नोकरी करणारे, नवऱ्याची तक्रार की बायको घरकाम करत नाही, बायकोचं म्हणणं की ऑफिसातून आल्यावर सगळं मलाच करायला लावतात. न्यायालयाने नवऱ्याचं म्हणणं मान्य केलं नाही, आणि आजच्या काळात घराच्या जबाबदारीचं ओझं नवराबायको दोघांनी सारखं उचलायचं असतं, ते एकट्या बायकोने करावं ही मनोवृत्ती मागासलेली आहे असं सांगितलं. हे ज्या दिवशी वाचलं तेव्हा मनात आलं की ह्या दोघांना हे कोर्टात जाऊन कळण्याऐवजी लग्नाआधी एका कागदावर विचारलं असतं तर. बालभारतीनेसुद्धा २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडतायत असं चित्र छापलं. म्हणजे दुसरीतल्या पोरांना जे दाखवलं जातं ते लग्नाच्या फॉर्मवर अजून पोचलेलं नाही.

रकाना कसा असावा यावर मी विचार केलाय. ‘घरकामात मदत करतो का’ असं कृपया विचारू नका. सगळे हो लिहितील. मदत म्हटलं की काम तिचं आणि उपकार त्याचा. आणि ‘स्वयंपाक येतो का’ एवढंही पुरत नाही. हल्ली पुष्कळ मुलं म्हणतात मला स्वयंपाकाची आवड आहे, मी बिर्याणी मस्त करतो. रविवारची बिर्याणी हा छंद झाला. मंगळवारी सकाळी साडेसातला डब्याची भाजी काय करायची, फ्रिजमध्ये काय आहे, हे ज्याला उठल्यावर आपण होऊन सुचतं त्याला घरकाम येतं. तेव्हा असं विचारा की सध्या घरातलं कोणतं काम पूर्णपणे तुमच्याकडे आहे, म्हणजे कुणी आठवण न करता. लग्नानंतर कोणतं घ्याल. घरातलं कुणी आजारी पडलं किंवा मूल झालं तर रजा कोण काढेल असं तुम्हाला वाटतं. आणि मुलीच्या फॉर्मवर अगदी हेच प्रश्न, शब्दाला शब्द, रंग बदलला तरी चालेल पण प्रश्न बदलू नका. ‘लग्नानंतर नोकरी करण्याची इच्छा आहे का’ हा सुद्धा एकतर दोघांना विचारा नाहीतर काढून टाका.

सगळ्यांनी कात्री लावून निम्मं-निम्मं करावं असं माझं म्हणणं नाही. एकाचा प्रवास रोज चार तासांचा असेल, एकाची रात्रपाळी असेल, एकाला स्वयंपाक आवडत असेल आणि दुसऱ्याला कपड्यांच्या घड्या. त्यांचं त्यांनी बघावं. मी एकच हिशोब धरते, नोकरी प्रवास आणि घरकाम सगळं मिळून दिवसाअखेर दोघांना बसायला साधारण सारखा वेळ मिळतोय का. एक जण टीव्हीसमोर आणि एक जण ओट्यासमोर असं रोज असेल तर ती वाटणी चुकली, मग नाव काही द्या.

मेळाव्याबद्दलही सांगायचंय. गेल्या महिन्यात ठाण्याला एका मेळाव्याला गेले होते, माइकवर एकेक जण येऊन ओळख करून देतो. मुली बोलल्या, एमटेक, सीए, एक तर हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट, आणि शेवटी जवळजवळ प्रत्येकीने जोडलं की मला स्वयंपाकाची आवड आहे. मुलं आली, कंपनी, पॅकेज, फ्लॅट, गाडी, आणि अपेक्षा ‘समंजस, घर सांभाळून नोकरी करणारी’. माझ्या मागे दोन आया बोलत होत्या की मुलींच्या अपेक्षा फार वाढल्यात, अटीच फार, म्हणून मुलांची लग्नं होत नाहीत. हे हल्ली सगळीकडे ऐकू येतं, तुम्हीही रोज ऐकत असाल. मला वाटतं त्या मुलींनी आमच्यासारख्या आया बघितल्यात. पर्स हुकाला अडकवून ओट्याशी जाणारी आई बघून मोठी झालेली मुलगी नुसत्या फ्लॅटवर हो का म्हणेल. मला एका मुलीच्या आईने नाशिकहून फोनवर सरळ विचारलं की तुमचा मुलगा घरात काय करतो, आणि क्षणभर मला सुद्धा राग आला, माझ्या मुलाला असं कसं विचारतात. मग शांतपणे सगळं सांगितलं. पुढचा पाऊण तास आम्ही दोघी बोलत होतो, दोघीही नोकरी केलेल्या, त्या शिक्षिका होत्या. स्थळ जमलं नाही, पत्रिकेत एकनाड आली, पण तो प्रश्न तुमच्या फॉर्मने विचारायला हवा होता, त्या माउलीला फोनवर अवघडत विचारावा लागला.

तुमची मंडळं जातीजातींची वेगवेगळी आहेत त्यावरही मला पुष्कळ बोलायचंय पण ते या पत्रात नको. एवढंच की या बाबतीत तरी सगळ्या जातींचे फॉर्म सारखेच निघाले.

आणि मुलांच्या आयांना, तुमच्या खुर्च्यांवर बसून फॉर्म भरणाऱ्या माझ्यासारख्यांना, तुम्ही काउंटरवर एक वाक्य सांगू शकाल का, की घरी जाऊन हा रकाना मुलालाच भरू द्या. कारण आईने भरला तर आई काहीही लिहील. आणि आजी होणाऱ्या बायांनाही त्यात धरा, सून नोकरीला जाणार म्हणजे नातवंड सासूच सांभाळणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं, आजोबांचं नाव त्यात येत नाही. मी नातवंड आवडीने सांभाळीन. पण मला विचारून, आणि माझ्याबरोबर यांनीही.

मी घरी आणलेला तो पिवळा फॉर्म मुलाकडे पाठवला होता. ‘इतर माहिती’मध्ये मी लिहिलेलं त्याने खोडलं, म्हणाला आई हे तू लिहिलंयस, मी लिहितो. पट्टीने खाली एक रकाना आखला आणि त्यात लिहिलंय, “रोजची भाजी-आमटी-भात येतो. पोळ्या येतात पण वीस पोळ्यांना तास लागतो. भांडी, कपडे, बाथरूम धुणं माझ्याकडे आहे. इस्त्री येत नाही. सणाचा स्वयंपाक येत नाही, शिकायचा आहे. किराण्याची यादी मी करतो. मूल झालं तर कंपनी देईल तेवढी सगळी रजा घेईन, बाकीची बिनपगारी घ्यायचीही तयारी आहे, दोघांनी मिळून ठरवू.”

येत्या शनिवारी अकरा वाजता मी हा फॉर्म घेऊन त्याच काउंटरवर येतेय. नोंदणीची फी रोख आणलेली असेल. रकाना हाताने आखलेला आहे म्हणून फॉर्म परत करू नका एवढी विनंती, आणि जमल्यास त्याची एक झेरॉक्स काढून पुढच्या छपाईसाठी ठेवून घ्या.

आपली,
डोंबिवलीची एक मुलाची आई